सोबत्याची जागा

१४ जानेवारी, रविवार

हार्मेनला ओडेन्सेला जायचंय. एकट्याला.

जेवताना सूपचे दोन घोट झाले आणि मीठ मागावं तितक्या सहज म्हणाला, "रूल, मार्चमध्ये मी डेन्मार्कला जातोय. रेल्वेने. एकटा."

मी म्हटलं, "आणि मी काय हवेत विरणार?"

"तू घरी राहणार."

मी हसले. माझ्या भावाला हात हनुवटीपर्यंत न्यायचा तर कोपराखाली उशी लागते. त्याच्या स्नायूंचा आजार जन्मापासूनचा. आई गेली तेव्हा मी माझं झ्वोलेचं भाड्याचं घर सोडून इथं डेव्हेंटरला त्याच्याजवळ आले, त्याला आता एकवीस वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ नर्स येते, बाकी मी. रेल्वेच्या पासवर त्याच्यासोबत एक माणूस फुकट जातो. तो माणूस म्हणजे मी. उट्रेख्ट असो, ब्रसेल्स असो, बुद्धिबळाच्या प्रत्येक स्पर्धेला त्याच्या व्हीलचेअरशेजारच्या जागेवर मीच बसलेय.

हे ओडेन्सेचं खूळ त्या सोल्वायमुळे. ती तिकडे बुद्धिबळातल्या कोड्यांचं मासिक काढते. हार्मेन कोडी रचतो आणि ती छापते. दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी लॅपटॉपवर दोघांचं बोलणं चालतं. काय बोलतात कळत नाही, पण तिचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. मागच्या उन्हाळ्यात आठवडाभर येऊन गेली. बाई बरी आहे. भांडी मात्र भलत्याच जागी ठेवते.

"बघू," मी म्हटलं. त्याने सूपचा पुढचा घोट घेतला. म्हणजे त्याचं ठरलंय.

२० जानेवारी

ठीक आहे, जायचंच असेल तर नीट जाऊ दे. नीट म्हणजे मी बघितल्याशिवाय नाही.

आज दुपारी दोघं लॅपटॉपपुढे बसलो. डेव्हेंटरहून बर्लिनच्या गाडीने ओस्नाब्र्युक. तिथं फलाट दोन मजली. गाडी खाली थांबते, हाम्बुर्गची वर मिळते, मध्ये लिफ्ट. हाम्बुर्गला पुन्हा गाडी बदलायची, मग थेट ओडेन्से. तीन देश आणि तीन रेल्वे. व्हीलचेअरची जागा प्रत्येकीकडे वेगळी सांगायची, रॅम्प लावणारा माणूसही वेगळा मागायचा. डेन्मार्कच्या गाडीत व्हीलचेअरच्या जागा दोनच. त्यातली एक आज मिळाली. हार्मेन इतका खूश झाला की कॉफीबरोबर दुसरं बिस्किट मागितलं.

तिकीट काढताना म्हणाला, "एकेरी काढ."

"परतीची तारीख कोणती टाकू?"

"रूल, मी परतीचं बोलतच नाहीये."

"तेच म्हणते मी, आत्ताच कशाला ठरवायचं? तिकडे आवडलं तर आठवडाभर जास्त राहा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, तू एकेरी काढ." काढलं. परतीचं मार्चमध्ये बघू, तेव्हा कदाचित स्वस्तही मिळेल.

२९ जानेवारी, सोमवार

आज त्याने स्वतः फोन केला. मदतीसाठीचा, रेल्वेला. म्हणाला, "मी बोलतो. तू तुझं काम कर."

मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. सोलत कसली, सुरी हातात धरून ऐकत होते. त्याचा आवाज किती बारीक! दोन वाक्यं झाली की श्वास घ्यायला थांबतो. "हो, ओस्नाब्र्युक... नाही, बॅटरीची खुर्ची... वजन?" वजन सांगताना चुकला असं मला वाटलं. शेवटी "आभारी आहे" म्हणून आनंदात बाहेर आला. "झालं! सगळं पक्कं."

समोरच्या माणसाला यातलं निम्मं तरी ऐकू गेलं असेल का? मला शंका आहे. पण त्याचा चेहरा बघून बोलवेना.

४ फेब्रुवारी

हार्मेनचा बावन्नावा वाढदिवस. खुर्च्या गोल मांडल्या. पंधरा माणसं आली, रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, प्रत्येकाला केकचा एक तुकडा. पक्की माणसं मोजून केक आणला होता आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला न बोलावता उगवला, मग मी माझा तुकडा त्याला दिला. तो हार्मेनचा हात बराच वेळ धरून होता. "तुझी आठवण येईल रे बाबा," म्हणाला. चार दिवसांच्या प्रवासासाठी एवढं? पण तो माणूसच हळवा आहे.

शेजारची ट्रुस संडासातून बाहेर आली ती भुवया उंचावूनच. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, तुमच्या कॅलेंडरवर सोल्वाय चढलीये की!"

मी जाऊन पाहिलं. संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला आमचं वाढदिवसांचं कॅलेंडर असतं तिथं, ९ जून, सोल्वाय. अक्षर सकाळच्या नर्सचं. म्हणजे हार्मेनने तिला सांगून लिहून घेतलं. त्या कॅलेंडरवर आईचं अक्षर आहे, माझं आहे. तिसरं कुणाचं नव्हतं.

ट्रुस म्हणाली, "संडासातल्या कॅलेंडरवर नाव आलं म्हणजे बाई घरची झाली. आता तू बोंब मारून उपयोग नाही."

"मी कशाला बोंब मारू?"

"मारत नाहीयेस तेच चुकतंय तुझं. रूलीन, तो जातोय, तुला कळतंय ना?"

"चौदा मार्चला जातोय. तिकीट मीच काढलंय," मी म्हटलं. ट्रुसला प्रत्येक गोष्टीतून नाटक काढायची सवयच आहे.

१६ फेब्रुवारी

घरात आवराआवर चाललीये. हार्मेनने बुद्धिबळाची पुस्तकं खोक्यात भरून घेतली आणि टपालाने सोल्वायकडे पाठवली, मासिकासाठी लागत असतील. भिंतीवरचं कपाट नर्सच्या मुलीला देऊन टाकलं. मी किती वर्षं म्हणत होते की त्या कपाटाने खोली अंधारी होते! शेवटी पटलं म्हणायचं.

ओडेन्सेच्या नगरपालिकेचं जाडजूड पाकीट आलं, त्याच्या नावाने. मी त्याच्यापुढे फोडून ठेवलं. सगळं डॅनिशमध्ये. "स्पर्धेचं आहे का काही?" मी विचारलं.

"मदतनिसांचं आहे. तिकडे मला दिवसभराचे मदतनीस मिळतील."

बघा, पाहुण्यांसाठीसुद्धा किती करतात तिकडे.

रात्री झोप आली नाही. मदतनीस पाहुण्यांना देतात का? उद्या विचारीन, असं ठरवलं.

१८ फेब्रुवारी

विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी

दुकानात जायच्या आधी रेल्वेला फोन केला. हार्मेनला सांगितलं नाही. मी पडद्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईकाने स्वतः घेतलेल्या मापावर आम्ही कधी कापड कापत नाही. पुन्हा जाऊन मोजतो. हे तसंच.

फोनवरच्या बाईला सगळं खणखणीत सांगितलं. ओस्नाब्र्युकला गाडी बदलायला वेळ फार कमी वाटत होता, लिफ्ट बंद असली तर काय? म्हणून हाम्बुर्गच्या तासाभरानंतरच्या गाडीला मदत मागितली. तिकीट कोणत्याही गाडीला चालणारं आहे. हाम्बुर्गला थोडी घाई होईल, पण तिथं मोठं स्टेशन, माणसं भरपूर.

ती म्हणाली, "या नावाने एक विनंती आधीच दिसतेय, आधीच्या गाडीची. ती काढून टाकू का?"

"टाका," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर किती हलकं वाटलं! आता हार्मेनला सावकाश सांगायचं.

२ मार्च

सांगायचं राहिलंय. दोनदा तोंडापर्यंत आलं. परवा म्हटलं, "ओस्नाब्र्युकला वेळ कमी नाही वाटत तुला?" तर फणकारला, "रूल, माझा प्रवास मी ठरवलाय. एकदा तरी मला माझं काही ठरवू दे!" मग गप्प बसले. फलाटावरचा मदतनीस सांगेलच त्याला.

आणखी एक गोष्ट केलीये, ती फक्त इथं लिहिते. त्याच गाड्यांची माझी तिकिटं काढली. वेगळ्या डब्यात. हार्मेनच्या गाडीत बसायला मी पहिल्यांदाच पैसे मोजले. मी त्याच्यासमोर जाणारच नाही. फक्त मागच्या डब्यात असेन, काही अडलंच तर. ओडेन्सेला ती बाई त्याला उतरवून घेताना लांबून बघेन आणि तशीच परत फिरेन. यात काय चुकलं? काहीच नाही.

ट्रुसकडून तिचा जांभळा कोट मागून आणला. माझा निळा तो ओळखेल. ट्रुस म्हणाली, "कुठं निघालीस, दरोडा घालायला?" मी म्हटलं, थंडी वाजते. कोट देताना तिने माझे दोन्ही खांदे धरले.

१२ मार्च

सामान भरलं. एवढ्याशा प्रवासाला दोन मोठ्या बॅगा. हिवाळी कपडे, उन्हाळी कपडे, आईचा फोटो. एक बॅग आधीच कुरियरने गेली, दुसरी खुर्चीच्या मागे अडकवायची.

संध्याकाळी हार्मेनने विचारलं, "मी गेल्यावर तू काय करशील?"

"पडदे धुवायचे आहेत. खिडक्या."

"ते झाल्यावर?"

"तू येशीलच की तोवर."

तो रडला. त्याला स्वतःचे डोळे पुसता येत नाहीत, मी पुसले. प्रवासाच्या आधी असं होतंच माणसाला. मला भीती वाटते. कसली ते लिहीत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आत्ता घरी आलेय. आजच लिहून काढते, उद्यापर्यंत मी यातलं काहीतरी माझ्या सोयीने बदलून टाकीन. माझी मला ओळख आहे.

सकाळी डेव्हेंटरला रॅम्पवाला वेळेवर आला. हार्मेनला डब्यात चढवलं. मी त्याच्या गालाचे तीन मुके घेतले आणि म्हटलं, "मला लगेच दुकानात जायचंय, थांबत नाही हं." तो म्हणाला, "रूल, आभारी आहे. सगळ्यासाठी." मी मान हलवली आणि निघाले. जिन्यामागे कोट बदलला, निळा पिशवीत कोंबला आणि धावत जाऊन शेवटच्या डब्यात चढले. अठ्ठावन्न वर्षांची बाई अशी धावताना बघून एक मुलगी हसली.

सीमा ओलांडली. ओस्नाब्र्युकला मी आधी उतरले आणि लांब उभी राहिले. मदतनीस आला, हार्मेनला उतरवलं, लिफ्टने वर नेलं. मी जिन्याने वर गेले आणि खांबाआड थांबले. सगळं छान चाललं होतं. आणि मदतनीस म्हणाला, "आता तुम्ही इथं आरामात बसा. पुढच्या गाडीला येतो मी."

"पुढच्या? माझी गाडी आत्ताची आहे."

"माझ्याकडे तुमचं नाव नंतरच्या गाडीला आहे. विनंती बदलली गेलीये."

"त्या गाडीने गेलो तर डेन्मार्कची चुकेल. हाम्बुर्गला रॅम्पसाठी अर्धा तास आधी हजर राहावं लागतं. आणि आजच्या दुसऱ्या गाडीत व्हीलचेअरची जागाच नाही, मी विचारलंय."

हे त्याने विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं.

मदतनीस बिचारा म्हणाला, "पण बदलली कोणी?"

हार्मेनने खुर्ची सावकाश वळवली. फलाटावरचा एकेक खांब, एकेक बाक बघत गेला आणि माझ्यावर थांबला.

"रूल," तो म्हणाला. आवाज बारीकच, पण आख्ख्या फलाटावर मला तेवढाच ऐकू आला. "ट्रुसचा कोट मी दर गुरुवारी आपल्या खुंटीला बघतो. ये इकडे."

मी गेले. दुसरं काय करणार? मदतनिसाला सांगितलं, माझी चूक आहे, मी फोन केला होता. तो म्हणाला, रॅम्प लावायला दुसरं माणूस लागतं, त्याचे सोबती दुसऱ्या फलाटावर आहेत. तेवढ्यात गाडी येत असल्याची घोषणा झाली. मी म्हटलं, "मी बोलते गाडीच्या—"

"नाही," हार्मेन म्हणाला. "तू गप्प उभी राहा. मी बोलतो."

गाडी थांबली. कंडक्टर बाई खाली उतरली. हार्मेनने त्याच्या शाळेतल्या जर्मनमध्ये सुरुवात केली, श्वासासाठी थांबत थांबत. तिने घड्याळ बघितलं नाही. खाली वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला आणि शेवटपर्यंत ऐकलं. एकवीस वर्षं मी त्याची वाक्यं अर्ध्यात पुरी करत आलेय. असं वाकून मी कधी ऐकलं होतं, मला आठवेना. मग ती मदतनिसाला म्हणाली, "चला, आपण दोघं लावू," आणि ते रॅम्प आणायला गेले.

आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, "मला फक्त भीती वाटली रे."

"माहीत आहे."

"परतीचं तिकीट मी हाम्बुर्गला—"

"रूल, मी परत येणार नाहीये. तुला चारदा सांगितलं. दरवेळी तू तारीख विचारलीस. मी आता तिच्याकडे राहणार. मला लग्न करायचंय. हे तू आज ऐकायचं, इथं, माझ्यासमोर."

ऐकलं. आधीही ऐकलंच होतं, एकेक शब्द. खोकी, पाकीट, बेकरीवाला, काय दिसलं नव्हतं मला?

मी म्हटलं, "तुझ्या शेजारची सोबत्याची जागा रिकामीच आहे ना? हाम्बुर्गपर्यंत तरी येऊ दे. मी बोलणार नाही. नुसती बसेन."

त्याचा चेहरा वाकडा झाला. नाही म्हणणं त्याला किती जड गेलं ते मला दिसत होतं आणि तरी मी विचारलं, लाज नाही मला.

"ती रिकामीच राहू दे, रूल."

रॅम्प लागला. खुर्ची वर चढताना त्याचा मफलर घसरला. माझा हात आपोआप पुढे गेला. पण तो मान वळवून कंडक्टर बाईला म्हणाला, "जरा एवढा वर कराल का?" तिने केला. उलटा पीळ दिला, आम्ही तसा देत नाही. पण गळा झाकला गेला.

दार बंद झालं. काचेतून तो दिसत होता, रडत होता आणि हसत होता. माझं तिकीट ओडेन्सेपर्यंतचं होतं आणि शेवटच्या डब्याचं दार अजून उघडं होतं. मी हलले नाही. मुद्दाम नाही. आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काय करायचं ते मला ठरवता आलं नाही, तोवर गाडी गेली.

तो मदतनीस अजून तिथंच होता. म्हणाला, "बाई, तुम्हाला कुठल्या गाडीला सोडू?"

१५ मार्च

रजा टाकलीये. कोट ट्रुसला परत दिला. ती म्हणाली, "बस." बसले. तिच्या टेबलावर डोकं ठेवून इतकी रडले की तिचं मांजर उठून गेलं. मी त्याच्यावर चिडलेय. म्हटलं, "सगळं आयुष्य दिलं मी त्याला!" ट्रुस म्हणाली, "त्याने मागितलं होतं का गं?" हे मी तिला एवढ्यात माफ करणार नाही.

खरं तर त्याने मागितलं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यात तो म्हणाला होता, झ्वोलेचं घर सोडू नकोस. मीच सोडलं. तिथं मला एकटीला करमत नव्हतं.

१७ मार्च, रविवार

सकाळी नर्सची घंटा वाजली नाही. ती आता येणार नाही, तरी मी साताला दार उघडून उभी. मग पडदे काढले, धुतले, ओलेच परत टांगले. त्याच्या खोलीत गेले नाही.

संध्याकाळी फोन आला. हार्मेन. मागे भांड्यांचे आवाज होते, भलत्याच जागी ठेवत असणार ती. म्हणाला, तिकडे वारा फार आहे, नवा मदतनीस लहानसाच मुलगा आहे पण हात मऊ आहेत त्याचे, सोल्वायने मासा केला होता आणि तो करपला. मी सगळं ऐकलं. मध्ये दोनदा तो श्वासासाठी थांबला. मी वाक्य पुरं केलं नाही, थांबून राहिले.

मग त्याने विचारलं, "तू काय जेवलीस?"

मी म्हटलं, "पाव आणि चीज." म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं. उठले, पाव कापला. एकाच माणसाला किती लागतो, मला माहीत नव्हतं.